बहराचा पाऊस

माझे सासरे उखर्डू नाना. आमच्या शिवारात त्यांना सगळे कॉफीवाले नाना म्हणतात, आणि म्हणताना थोडं हसतात. यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी आमचा मळा आहे. घरही मळ्यातच. खाली सपाट काळ्या रानात केळी, आणि घरामागे डोंगर जिथून चढायला लागतो तिथं एक अरुंद घळ. त्या घळीत जुन्या आंब्यांच्या सावलीला नानांची कॉफीची तेवीस झाडं आहेत. लावली होती दोनशे. बाकीची आमच्या उन्हाने खाल्ली. खानदेशातल्या मे महिन्यात माणसंच कशीबशी तग धरतात, तिथं कॉफी जगवायला निघालेल्या माणसाला लोक हसतील नाहीतर काय करतील? मीसुद्धा पुष्कळ हसले आहे.

मी शिरपूरकडची. बोली अहिराणी आणि तोंड फटकळ, असं माझं माहेरी आणि सासरी दोन्हीकडे नाव आहे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी स्वतः चुलीजवळून उठून माझ्यापुढे एक पितळी पेला ठेवला. आत काळंभोर काहीतरी, वर गुळाचा वास. मला वाटलं काढा आहे. डोळे मिटून एका दमात संपवलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "माले ताप येल शे का?" प्रेमराज एवढा हसला की बाहेर बसलेले पाहुणे आत डोकावले. नाना मात्र हसले नाहीत. उद्यापासून गूळ थोडा जास्त घालतो, एवढंच म्हणाले. सोळा वर्षं झाली, माझ्या पेल्यात ते अजून गूळ जास्त घालतात.

त्यांच्या नावाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांच्या आधीची तीन भावंडं जन्मताच गेली, म्हणून हे जन्मले तसं त्यांच्या आजीने त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि मग पदरात घेतलं. मरणाने कचरा समजून पुढं निघून जावं, हा हेतू. ते गेलंही. पण माणूस मात्र आयुष्यभर असा वागला, की जणू आपण कुणाची तरी नजर चुकवून राहतो आहोत. आवाज चढवायचा नाही, पुढं बसायचं नाही, मागायचं तर नाहीच. मला या स्वभावाचा फार राग यायचा. घरातल्या कर्त्या माणसाने दुसरी भाकरी तरी तोंडाने मागावी की नाही?

एकोणिसाव्या वर्षी ते रस्त्याच्या कामावर म्हणून एका मुकादमाबरोबर चिखलदऱ्याला गेले. तिथं पावसाने काम बंद पडलं आणि सगळी टोळी परत आली, हे एकटे मागे राहिले. एका जुन्या बंगल्याच्या आवारात डोंगरउतारावर कॉफीची बाग होती. तिचा म्हातारा कोरकू माळी होता, त्याला सगळे बाबा म्हणत. त्याच्या हाताखाली नाना राहिले ते चोवीस वर्षं. सासूबाई, म्हणजे शेवंताबाई, लग्नानंतर तिथंच राहायला गेल्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. प्रेमराजही तिथंच जन्मला. पुढं नानांचे थोरले काका गेले, शेती बघायला कुणी राहिलं नाही, तेव्हा नाना परत आले. येताना बाबाने त्यांना बियांचा एक डबा दिला. हा माणूस चोवीस वर्षांच्या नोकरीतून एवढंच घेऊन आला, असं गावातले लोक सांगतात. आई सांगायच्या तेव्हा जरा वेगळं सांगायच्या. त्या म्हणायच्या की डबा त्यांनी मांडीवर धरून आणला होता, नानांच्या हातात दिलाच नव्हता.

कॉफीचं काम सावकाश असतं, घाई असलेल्या माणसाने त्यात पडू नये. थंडीत फळं लाल होतात, पण सगळी एकदम नाही. एका फांदीवर लाल, पिवळी, हिरवी शेजारी शेजारी बसलेली असतात. नाना आणि आई फक्त लाल खुडायचे. चार दिवसांनी पुन्हा तेच झाड, पुन्हा लाल तेवढी. मग धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर वाळवायची, उखळात हलक्या हाताने कांडायची, पाखडायची, लोखंडी कढईत भाजायची. एवढं करून वर्षाला पाच-सहा किलो. ती कधी विकली नाही. घरी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला. येणारेजाणारे पहिल्या खेपेला घेत, दुसऱ्या खेपेला आधीच सांगत की चहा चालेल. शेजारच्या मळ्यातले बन्सीलालभाऊ तर बांधावरूनच ओरडायचे, मी पाणी पिऊन आलोय. नानांना राग यायचा नाही. माझ्यासारखीला आला असता.

पण खरी गोष्ट फळांची नाही, फुलांची आहे. कॉफीच्या झाडाला माघ-फाल्गुनात बारीक कळ्या धरतात. जिऱ्याएवढ्या असतात, हिरव्या, पानांच्या बगलेत दाटीने बसलेल्या. त्या तशाच बसून राहतात. उमलायला त्यांना एक पाऊस लागतो, चैत्राच्या आतबाहेर, चांगला झाडं न्हाऊन निघतील असा. तो पडला की आठ-नऊ दिवसांनी एका सकाळी सगळी झाडं एकदम पांढरी होतात. मोगऱ्यासारखा वास घरापर्यंत येतो. दोन दिवस, फार तर तीन, मग फुलं तपकिरी होऊन गळतात. आणि पाऊस पडलाच नाही तर कळ्या गुलाबीसर पडतात, वाळतात आणि न उमलताच गळून जातात. नाना त्याला बहराचा पाऊस म्हणतात. आम्ही बाकीचे त्याला अवकाळी म्हणतो.

आमच्याकडे चैत्रातले ढग म्हणजे काय, हे केळीवाल्याला विचारावं. मृगात लावलेली बाग तेव्हा कापणीला आलेली असते. एकेका झाडावर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबत असतो आणि झाड म्हणजे तरी काय, पाण्याने भरलेलं सोपट, नुसत्या सालींची गुंडाळी. वारा आला की गेलं. म्हणून त्या महिन्यात सगळं शिवार आभाळाकडे बघून हात जोडतं की येऊ नकोस. आणि त्याच शिवारात, आमच्याच घरात, एक माणूस मनातल्या मनात ये म्हणत असतो. बन्सीलालभाऊ थट्टा करायचे, नाना, तुमच्या देवाला सांगा की यंदा घळीपुरताच पाड. इतकी वर्षं ती थट्टाच होती, कारण बहुतेक वर्षं तसंच झालं. डोंगराला धरून एखादी सर यायची, घळ भिजायची, खाली चार थेंब. दोघांचंही भागायचं.

बहराच्या पहिल्या दिवसाची नानांची एक रीत होती. बाबाने चिखलदऱ्याला घालून दिलेली. त्या दिवशी बागेत विळा-कोयता न्यायचा नाही. घरच्या बाईने पहिल्यांदा जाऊन झाडाखाली बसायचं, आणि वर्षभर तिच्या हातचं खाणाऱ्या माणसाने त्या दिवशी तिच्यासाठी कॉफी करून वर न्यायची. मग दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, काहीच काम करायचं नाही. मधमाश्या काम करत असतात, आपण मध्ये यायचं नाही, असं बाबा म्हणे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी हे पाहिलं आणि माझा विश्वास बसेना. जो माणूस चारचौघांत बायकोशी बोलायला लाजतो, तो हातात पेला घेऊन, रुमालाने झाकून, डोंगर चढतोय. मी प्रेमराजला म्हटलं, शीक काहीतरी. तो म्हणाला, केळीला फूल आलं की तुला कमळ दाखवीन. केळफुलाला आमच्याकडे कमळच म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. भुसावळला दवाखान्यात अठरा दिवस होत्या. डॉक्टर चांगले होते, त्यांनी उगाच आशा दाखवली नाही. घरी आणलं तेव्हा त्यांची खाट आम्ही मागच्या दाराजवळ टाकली, तिथून घळीतल्या आंब्यांचे शेंडे दिसतात. त्या दिवसभर तिकडे बघत पडून राहायच्या. काय हवं, काय नको, काही कळायचं नाही. मी नुसती बोलत राहायचे, कारण गप्प बसलं की मला रडू यायचं. डाव्या हाताने त्या कधी माझा पदर धरायच्या आणि सोडायच्या. काय म्हणायचं असेल त्यांना, हे मला आजही माहीत नाही.

नानांच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली होती. आईंना यंदाचा बहर दाखवायचा. त्यांना वाटायचं, तो वास गेला नाकात की त्यांच्यातलं काहीतरी जागं होईल. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही, सांगायची लाज वाटली. पण मला स्वतःलाही ते वाटायला लागलं होतं, हे कबूल करायला हवं. आदल्या वर्षी पाऊस आलाच नव्हता आणि सगळ्या कळ्या वाया गेल्या होत्या. पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी धरायचा? नाना शहात्तर वर्षांचे, आई त्याहून चार वर्षांनी लहान आणि अशा. म्हणजे जे काय होतं ते यंदाच होतं.

फाल्गुन कोरडा गेला. चैत्र लागला तसा नाना रोज सकाळी घळीतून कळ्यांची एक डहाळी आणायचे आणि आईंच्या डाव्या हाताजवळ धरायचे. आई बोटांनी चाचपायच्या. नाना सांगायचे, "अजून नाई." एवढंच संभाषण. मग दिवसभर ते ओट्यावर बसून डोंगराच्या माथ्याकडे बघत राहायचे, आणि मी त्यांच्याकडे बघून चिडत राहायचे.

एक दिवस त्यांनी मागितलं. आयुष्यात मी त्यांना मागताना पाहिलं ते त्या दिवशी. प्रेमराज जेवायला बसला होता. नाना म्हणाले की बोअरचं पाणी दोन रात्री घळीकडे वळवता येईल का, पाइप ते स्वतः टाकतील. प्रेमराजचा हात ताटातच थांबला. बोअर आधीच तुटक चालत होतं, अर्धा तास पाणी, अर्धा तास हवा. तो वाईट मुलगा नाही, तो खूप विचार करून बोलला. "नाना, घड भरू राह्यले. आता पानी तोडलं तं मान टाकतीन ते." नानांनी लगेच मान डोलावली. जणू त्यांना हे माहीतच होतं, फक्त एकदा विचारून ठेवायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते कळशीने पाणी वर न्यायला लागले. शहात्तर वर्षांचा माणूस, चढ असा की माझी छाती भरून येते. तीन झाडं त्यांनी पानांपासून मुळांपर्यंत न्हाऊ घातली. कळ्या ढिम्म राहिल्या. मग एक दिवस पाय घसरून पडले, कोपर सोलून घेतलं, आणि प्रेमराजने कळशी काढून घेतली.

त्यानंतर ते उघड उघड आभाळाला मागायला लागले. तोंडाने नाही, पण कळायचं. पश्चिमेला जरा काळवंडलं की उठून उभे राहायचे. एकदा बन्सीलालभाऊ घाबरून विचारायला आले, मोबाइलवर वादळाचा इशारा आलाय म्हणे. आणि नानांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. बन्सीलालभाऊंनीही पाहिलं. ते गेल्यावर माझा तोल गेला. माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली म्हणजे मी फार चिडलेली असते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "बठ्ठं शिवार हात जोडीसन बशेल शे, पानी येवाले नको म्हनीसन. आनि तुमी घरमा बशीसन पानी मांगी ऱ्हायनात?"

नाना उठले. आईंच्या खाटेशी गेले, त्यांच्या अंगावरची चादर सरळच होती, ती पुन्हा सरळ केली. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संध्याकाळी वाटलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस राहिले होते. दुपारी चारच्या सुमाराला वारा एकाएकी पडला. पाखरं गप्प झाली. मी धाब्यावर पापड घातले होते ते गोळा करायला चढले, तर पश्चिमेकडून मातीची भिंत चालत येताना दिसली. तिच्यामागे आभाळ जांभळं काळं. प्रेमराज केळीतच होता. बन्सीलालभाऊ त्यांच्या बांधावर टोपी काढून उभे होते. मी खाली धावले आणि पहिलं काय केलं असेल तर चुलीवरचा लोखंडी तवा उचलून अंगणात उलटा टाकला. आमच्याकडे ही रीत आहे. गारा येतील असं वाटलं की घरच्या बाईने तवा अंगणात पालथा घालायचा, म्हणजे आभाळ परत फिरतं. माझ्या माहेरीही करतात. मी बी. ए. झालेली आहे. त्या वेळी मला ते आठवलं नाही.

नाना ओट्यावर होते. टपोरे थेंब पडायला लागले, मातीत खड्डे पडतील असे. मी दारात उभी राहून तव्याकडे बघत होते. नाना उठले. पायऱ्या उतरून अंगणात गेले, वाकले, तवा उचलला. धोतराच्या सोग्याने पुसला आणि आत आणून चुलीपाशी भिंतीला टेकवून ठेवला. माझ्या अंगावरून गेले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तो परत टाकू शकत होते. चार पावलांचं काम. मी मागच्या दाराकडे पाहिलं. आई डोळे मोठे करून पावसाकडे बघत होत्या, नाक वर करून, मातीचा वास घेत होत्या. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडावर मी तसं काही पाहिलं नव्हतं. मी जागची हलले नाही.

मग वारा आला. वीस मिनिटं म्हणतात, मला माहीत नाही. केळी मोडताना कडकड आवाज होत नाही. ओलं कापड फाटावं तसा होतो, आणि मग धप्प. एक, मग दहा, मग मोजता येत नाही. गारा बोराएवढ्या होत्या. प्रेमराज पंपाच्या खोपटात अडकला होता म्हणून वाचला. सगळं थांबल्यावर तो आला तेव्हा नखशिखान्त चिंब होता आणि केसांत केळीच्या पानांच्या चिंध्या होत्या. तो ओट्यावर बसला. मी टॉवेल दिला तो त्याने मांडीवर ठेवला.

नाना त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "तवा म्या उचलला. ज्योत्स्नानं टाकेल व्हता, म्या उचलला."

प्रेमराजने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग तो चक्क हसला. थकलेला, पण खरा. "नाना, तव्यानं कुठी वारा थांबते का? उलसं बी मनावर नका घेऊ. बन्सीलालभाऊच्या अंगणात बी तवा व्हता, त्यायची बी आडवीच शे."

एवढं चांगलं बोलला तो. मला वाटतं, त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. नानांनी रडून घेतलं असतं, चार दिवस अबोला धरला असता, आणि मग कुणीतरी भाकरीचं ताट पुढं केलं असतं. पण ज्याला कुणी दोषच देत नाही, त्याला माफ तरी कोण करणार? ते तिथंच उभे राहिले. नंतर कुणीतरी बोलावल्यासारखे वळले आणि पडलेल्या केळीत निघून गेले.

पुढचे दिवस सगळ्या गावाचे सारखेच गेले. तलाठी आले, पंचनामे झाले, फोटो काढताना लोक आपल्या आडव्या बागेत उभे राहिले. नाना कुणाच्या समोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बन्सीलालभाऊ आले. त्यांची तर आमच्यापेक्षा जास्त गेली होती. नानांना शोधून काढून त्यांच्याजवळ ओट्यावर बसले आणि म्हणाले की नाना, आज कॉफी टाका, बघू तरी काय असते ती. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला तोंड फिरवावं लागलं. नाना उठले नाहीत. डबा रिकामा आहे म्हणाले. डबा रिकामा नव्हता, त्या दिवशी सकाळीच मी तो फळीवर सरकवला होता. मी चहा केला, भाऊ तो पिऊन गेले.

नवव्या दिवशी पहाट उजाडली आणि मला वासाने जाग आली. आधी समजेना. खाली केळी सडत होती, आठ दिवस तो आंबूस वास नाकातून जात नव्हता, आणि त्यावरून हा दुसरा वास उतरत होता, ताजा, थंड. मी मागचं दार उघडलं. आंब्यांच्या बुंध्यांमध्ये सगळं पांढरं झालं होतं. इतका बहर मी सोळा वर्षांत पाहिला नव्हता. प्रेमराज म्हणाला, नानांनीही पाहिला नसेल. इतका पाऊस कधी पडलाच नव्हता ना.

आई जाग्या होत्या. त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर आपटत होता, थाप, थाप, थाप. प्रेमराजने काही विचारलं नाही. खाली बसला, त्यांना पाठीवर घेतलं, मी मागून आधार दिला, आणि आम्ही चढलो. मोडलेल्या बागेचा मालक आपल्या आईला तो बहर दाखवायला नेत होता. त्याच्या मनात काय होतं ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारणारही नाही.

सगळ्यात मोठ्या झाडाखाली गोधडी अंथरून आईंना खोडाला टेकवून बसवलं. मधमाश्यांचा आवाज घुमत होता. आईंच्या केसांवर, मांडीवर पाकळ्या पडत होत्या. त्या हसल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी हसू सरळ होतं. घशातून एक आवाज काढला त्यांनी, शब्द नव्हता, पण मी शपथेवर सांगते, तो आवाज आजारपणातला नव्हता. आणि मग त्यांनी डाव्या हाताने आपल्या शेजारची जमीन झटकली. पाकळ्या बाजूला सारल्या, दोन वेळा थोपटलं, आणि वाटेकडे बघत राहिल्या.

मी नानांना बोलवायला खाली धावले. ते केळीच्या पार दुसऱ्या टोकाला होते, आडव्या खोडांची पानं विळ्याने छाटत. ते काम कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा काही उपयोगही नव्हता. नाकातोंडावर रुमाल घट्ट बांधला होता. मला वाटलं सडक्या वासामुळे. मी धापा टाकत सांगितलं की आईंना वर नेलंय, सगळं फुललंय, त्या हसल्या, आणि त्यांनी तुमची जागा झाडून ठेवली आहे. ते छाटत राहिले.

"नाना, तुम्हाला कुणी काही म्हणालंय का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग चला."

ते एका पडलेल्या खोडावर बसले. विळा खाली ठेवला. तेव्हा वाऱ्याची एक झुळूक डोंगराकडून आली, तिच्याबरोबर तो वास, आणि त्यांनी रुमाल दोन्ही हातांनी नाकावर दाबून धरला. तेव्हा मला कळलं तो कशासाठी बांधला होता. मी त्यांच्यापुढे बसले. म्हटलं की तव्याचं मनातून काढा, मीही तो परत टाकला नव्हता, मीही बघत उभी होते, मग माझाही दोष आहेच ना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग रुमालाच्या आतून बोलले.

"म्या तठी गेलो तं मले आनंद व्हईन, ज्योत्स्ना. लय व्हईन. तो म्या कुठी ठेवू?"

मी तशीच उठले आणि वर आले. आई वाटेकडेच बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, येताहेत.

त्यांनी विश्वास ठेवला. शेजारच्या जागेवर हात पसरून ठेवला, कुणी बसू नये म्हणून. मी जवळ सरकले तर मला ढकललं. ऊन पानांतून खाली आलं तसा प्रेमराज म्हणाला, आता घरी जाऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं, तिसऱ्या दिवशीही. नाना दोन्ही दिवस उजाडायच्या आत केळीत गेलेले असायचे. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुलं तपकिरी पडली, वास गेला, मधमाश्याही गेल्या. प्रेमराज आईंना उचलायला वाकला, तर त्या हात काढेनात. त्या जागेवरून त्यांची बोटं आम्हाला एकेक करून सोडवावी लागली.